दाताने तोडलेला दोरा

आमच्या घरात दुपारभर एक आवाज चालू असायचा. आम्हाला तो इतका अंगवळणी पडला होता की कुणी पाहुणा आला आणि दचकून इकडेतिकडे बघायला लागला, तरच तो आम्हाला ऐकू यायचा. कट्. आई ओट्यावर पाय पसरून बसलेली असायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, शेजारी ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या कळ्या. चार बोटांचा गजरा झाला की गाठ मारायची, मान खाली घालायची आणि उरलेला दोरा दाताने तोडायची. कट्. मग दुसरा गजरा. तिच्यासमोर मी बसलेली, माझ्याही अंगठ्याला दोरा. दोघींचं कट् कट् असं आळीपाळीने चालायचं आणि मधूनमधून मळ्यातल्या मोटारीचा घुमता आवाज यायचा. रेडिओ होता आमच्याकडे, पण तो लावायची आठवण कुणाला राहायची नाही.

नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात आमचा मळा. झेंडू, शेवंती, गुलाब, थोडा मोगरा, आणि बांधाला मेथी-कोथिंबीर. बापू, माझे वडील, उजाडायच्या आत फुलं खुडून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात न्यायचे, ते परत येईपर्यंत घरात भाकरीचा धूर झालेला असायचा. झेंडूच्या दिवसात बोटांचा वास काही केल्या जात नसे. भाकरी कुस्करली की भाकरीला झेंडूची चव यायची, ठेच्याला यायची, रविवारी आई हुलग्याची शेंगोळी करायची तर तिलाही यायची. आज माझ्या स्वयंपाकघरात सगळं कसं स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, आणि शेंगोळी काही जमत नाही. सुनेला मी सांगते की पीठ चांगलं मिळत नाही. खरं कारण बोटांना झेंडू नाही हेच असावं.

घरात एक नियम होता, आणि तो आईने आम्हाला बसून शिकवला असं काही झालं नाही. गजरे, लग्नाचे हार, तोरणं, यांचा दोरा दाताने तोडला तरी चालायचा. पण सोमवारी गावातल्या महादेवाला आमच्याकडून हार जायचा, त्याला दात लावायचा नाही. दात लागला की हार उष्टा झाला. त्या एका हारासाठी ओट्याच्या खांबाला खिळ्यावर एक कात्री टांगलेली असायची. तिची एक कडी मोडलेली होती आणि ती धड चालायची नाही, पण सोमवारच्या हाराला तीच.

नर्सिंगला जायचं हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं नाही. बापूंना एकदा सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, पोटाच्या दुखण्याने. तिथे एक सिस्टर यायची. ती वॉर्डात आली की नातेवाईकांचा गलका आपोआप खाली यायचा. ती ओरडायची नाही की काही नाही, नुसती कॉटमागून कॉट करत चालायची. मला ते फार आवडलं. सेवाभाव वगैरे मोठे शब्द मी नंतर भाषणांत ऐकले आणि पुढे स्वतःही वापरले, पण सुरुवात एवढीच होती की मला तसं चालायचं होतं.

प्रवेशाला तेव्हा बारावी लागायची, इंग्रजीत पास झालेलं असावं लागायचं, वयाची सतरा पूर्ण आणि लग्न झालेलं नसावं. परवा माझ्या भाचीच्या मुलीने विचारलं, “आजी, तुमची सीईटी किती अवघड होती गं?” तिचं सगळं मोबाईलवर चाललेलं असतं, प्रवेश परीक्षा, पसंतीक्रम, यादी. मी तिला सांगितलं की आमची सीईटी म्हणजे टेबलामागे बसलेल्या तीन बायका. त्यांनी मला विचारलं होतं, उलटीने भरलेली चादर बदलशील का? मी म्हटलं, हो. रात्रपाळीला झोप आली तर काय करशील? मी म्हटलं, उभी राहीन. त्या हसल्या आणि मला वाटलं, झालं आपलं काम.

पण शेवटी तब्येतीची तपासणी होती. डॉक्टरांनी डोळे बघितले, छाती बघितली, वजन केलं आणि मग माझे हात उलटे केले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोऱ्याच्या चिरा होत्या. काही जुन्या, काही ताज्या. “हे काय?” मी म्हटलं, “दोरा, सर. हार करतो आम्ही.” ते म्हणाले, “वॉर्डात उघडी जखम घेऊन यायचं नाही. स्वतःलाही धोका, पेशंटलाही. बोट पूर्ण भरल्यावर ये, मग फिटनेसवर सही करतो.” आणि दसरा तोंडावर आलेला.

घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा आईने हातातला गजरा खाली ठेवला. आमच्या घरात सगळ्यात झरझर चालणारे हात माझे होते, आईपेक्षाही. ते तिला माहीत होतं आणि मलाही. “बोटाला जखम नको म्हनं,” ती म्हणाली. “मंग काय बोटं देव्हाऱ्यात ठिवायची का? दसऱ्याला कोन बसनार हितं? मी दोन हातानी किती वढू?” बापू पाणी पीत होते. ते म्हणाले, “राहू दे तिचं बोट. पोरगी एक गोष्ट मागून ऱ्हायली, ती पन नाय द्यायची का?” आईने गजरा पुन्हा उचलला. त्या दसऱ्याला मी बोटाला तेल लावून बसून राहिले आणि आई एकटी दोरा ओढत राहिली. तिच्या बोटाचं रक्त झेंडूला लागलेलं मी पाहिलं. मला लाज वाटली, पण मी उठले नाही. आईने शेवटी एवढंच म्हटलं, “जा. पन जमलं नाय तर सरळ घरी यायचं. हितं तुझी जागा हाय, ती मी कोनाला देनार नाय.”

कुणाला वाटेल ही किती मायेची गोष्ट. तशी ती होतीच. पण त्या वयात मला त्या शब्दांची भीतीच जास्त वाटली. अपयश आलं तर कुणी हाकलणार नव्हतं, उलट ओट्यावर माझी जागा झाडून ठेवलेली असणार होती. परत त्या जागेवर बसायचं नाही, एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं.

प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे प्रोबेशन, आमच्या भाषेत ‘बिनटोपीचे दिवस’. सहा महिने पांढरी साडी, डोकं उघडं. प्रत्येक काम आधी ट्यूटरला करून दाखवायचं: कॉट लावणं, ताप-नाडी, पेशंटला अंघोळ, बँडेज, ड्रेसिंग. जमलं की कामाच्या वहीत सही, आणि सगळ्या सह्या पुऱ्या झाल्या की बाहेरच्या परीक्षक बाईंसमोर प्रात्यक्षिक. पास झालात तर दिवे लावण्याचा समारंभ, डोक्यावर टोपी आणि पुढचा वर्ग. नापास झालात तर महिन्याने आणखी एक संधी. तीही गेली तर ट्रंक भरायची. आमच्या आधीच्या बॅचमधल्या एका मुलीने अशी ट्रंक भरली होती आणि तिची रिकामी कॉट माझ्या खोलीत होती. माझी खोलीतली मैत्रीण हिरा, पेठ तालुक्यातली, त्या कॉटवर कपडेसुद्धा वाळत घालू द्यायची नाही.

आमच्या ट्यूटर होत्या देवरे सिस्टर. कळवणच्या. शिकवताना अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की घरची अहिराणी बाहेर यायची आणि मग हसू येऊ नये म्हणून मुली एकमेकींकडे बघत नसत. मी त्यांची लाडकी होते असं म्हणणार नाही, कारण त्यांना लाडकं कुणी नव्हतंच. पण बँडेज दाखवायला त्या मलाच पुढे बोलवायच्या. पट्टीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर नेमका अर्धा बसवणं मला शिकवावंच लागलं नाही. हारात फुलावर फूल तसंच बसतं.

परीक्षेच्या दिवशी मला ड्रेसिंग आलं. पेशंट होते घोटीकडचे एक आजोबा, भाताच्या खाचरात पाय कापला होता आणि जखम चिघळली होती. नाव तुकाराम, पण सगळा वॉर्ड त्यांना बाबा म्हणायचा. मी ट्रे लावला, हात धुतले, चिमट्याने जुना गॉझ काढला, जखम आतून बाहेर पुसली, नवा गॉझ ठेवला, पट्टी बांधली. परीक्षक बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या मान डोलावत होत्या हे समोरच्या हिराच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं. शेवटी पट्टीचं टोक फाडून मी गाठ मारली. पट्टीच्या कडेचा एक दोरा सुटून लोंबत होता. मला तो बरा दिसेना. मी वाकले आणि तोडला.

कट्.

सगळा वॉर्ड ऐकू शकेल असा आवाज आला. निदान मला तरी तसंच वाटलं. बाबा पाय ओढून घेत म्हणाले, “आरं देवा! चावती का काय ही पोर?” हिराने डोळे मिटून घेतले. परीक्षक बाईंनी कागदावर एक रेघ ओढली आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. मी तिथेच उभी, तोंडात दोऱ्याचा तुकडा. तो थुंकायचा कुठे हेही मला सुचेना.

आज मी याच्यावर हसते. कोरोनात सगळं गाव तोंडाला फडकं बांधून फिरायला लागलं तेव्हा मला वाटलं, असं एखादं तेव्हा माझ्या तोंडावर असतं तर मी पहिल्याच झटक्यात पास झाले असते. तेव्हा मास्क ऑपरेशन थिएटरमध्ये दिसायचे, वॉर्डात आम्हा मुलींच्या वाट्याला येत नसत. पण त्या दिवशी हसू कुठलं यायला! देवरे सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. “सहा महिने मी काय शिकवलं? तुले काही समजस का नही? तोंड घाली दिधं जखमवर!” मी म्हटलं, “सिस्टर, मला कळलंच नाही, हात...” त्या पुन्हा पुस्तकी मराठीवर आल्या. “हाताला काही म्हणत नाही मी. हात चांगलाच आहे.” मग म्हणाल्या, “महिन्याने पुन्हा. त्यानंतर मी काही करू शकणार नाही.”

आता सवय मोडायची होती. मी दोऱ्याला कडुनिंबाचा रस लावून सराव केला. थोड्याच दिवसांत मला कडुनिंब आवडायला लागला. हिराने मग माझ्या तोंडावर रुमाल बांधला आणि स्वतःचा पाय पुढे केला. मी पट्टी बांधायची, गाठ मारायची, आणि दर वेळी मान खाली जायची, रुमालात दात वाजायचे. हिरा म्हणायची, “तुझी मानच कापाय लागेल गं.” पाय सोडून हात, हात सोडून डोकं, सगळं बांधून झालं. मान खाली जायची ती जायचीच. मला माझीच चीड यायला लागली. इतकी वर्षं जे करून शाबासकी मिळवली त्यानेच आता मला घरी पाठवायचं ठरवलं होतं.

महिन्यातला सुटीचा रविवार आला तशी मी घरी गेले. काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आईने शेंगोळी केली होती. जेवण झाल्यावर ती ओट्यावर बसली, मी समोर बसले आणि सवयीने दोरा अंगठ्याला गुंडाळला. आईने माझ्या बोटाकडे बघितलं. “राहू दे. बोट चिरंल, मंग तुझे डॉक्टर वरडतील.” तेवढ्याने मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. बाबांचं ‘चावती का काय’ सांगितलं तेव्हा आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी चिडून उठायला लागले तर तिने मनगट धरलं.

“बस. मला येक सांग. सोमवारच्या हाराला कधी दात लावलास?”

“नाही.”

“कधीच नाय?”

मी आठवून पाहिलं. तापात असताना, घाईत असताना, परीक्षेचा अभ्यास करताकरता, मी तो हार कितीदा केला असेल. एकदाही नाही. तिथे मान खालीच जायची नाही. हात आपोआप खांबाकडे जायचा.

“मंग तुझे दात येडे नायत,” आई म्हणाली. “त्यांना म्हाईत हाय कुठं लागायचं अन् कुठं नाय. तूच त्यांना सांगितलं नाय की हे पन सोमवारचं हाय म्हनून.” आणि तिने पुढचा गजरा घेतला. मी नापास होऊन घरी आले असते तर तिला ते हवंच होतं. दसरा गेला होता पण लग्नसराई यायची होती, आणि ती एकटी होती. हे तिच्या मनात होतं हे मला त्या क्षणीही दिसत होतं, आणि तरी तिने मला हे सांगितलं. त्याबद्दल मी तिचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं की रुग्ण हाच देव. मला ते वाक्य कधी पटलं नाही. मी पुढे इतके पेशंट पाहिले, शिव्या देणारे, थुंकणारे, बिल न देता पळणारे, की असले देव असतील तर देवळं ओस पडायला हवीत. पण जखम ही वेगळी गोष्ट आहे. जखमेपाशी उष्टं चालत नाही, एवढं मला त्या दुपारी कळलं आणि पुढे जन्मभर पुरलं.

फेरपरीक्षेला पुन्हा ड्रेसिंग. परीक्षक बाई नवीन होत्या. वॉर्डातल्या पेशंटांना देवरे सिस्टरांनी विचारलं की या मुलीकडून कोण ड्रेसिंग करून घेईल, तर माझी कीर्ती पसरलेली, कुणी हात वर करेना. कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला. त्यांची जखम अजून भरली नव्हती. “ती चावरी ना? येऊ द्या हिकडं. तिचा हात हलका हाय लय.” मी ट्रे लावला. कात्री उजव्या कडेला ठेवली, दोनदा बघून. जखम पुसली, गॉझ ठेवला, पट्टी बांधली. बाबांना कुठेतरी झोंबलं, त्यांनी पाय झटकला आणि ट्रे हलला. कात्री खणकन खाली फरशीवर.

मी गाठ मारली. दोरा लोंबत होता, अगदी तसाच. परीक्षक बाई पलीकडच्या कॉटवर दुसऱ्या मुलीचं काम बघत पाठमोऱ्या उभ्या होत्या. वेळ संपत आली होती. खाली पडलेली कात्री उचलता येत नव्हती आणि दुसरी मागायची तर आपला ट्रे अपुरा हे आपल्याच तोंडाने सांगायचं. बाबांनी सगळं पाहिलं होतं. कात्री पाडली त्यांनीच, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. ते हळूच पुढे झुकले. “तोड की दातानं. कोनी बघत नाय. म्या नाय सांगनार.”

मान खाली गेली नाही. मी मुद्दाम थांबून पाहिलं, ती जात नव्हती.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “उष्टं होतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांना ते लगेच कळलं. मी हात वर केला. “मॅडम, माझी कात्री खाली पडली. मला दुसरी स्वच्छ कात्री हवी आहे.” परीक्षक बाई वळल्या. “गाठ तर मारून झाली. एक दोरा राहिला तर काय बिघडतं?” मी म्हटलं, “कशात तरी अडकेल, ओढला जाईल, गाठ सुटेल.” “मग खालची घे उचलून.” “फरशीची आहे, मॅडम.” “हाताने तोड.” “पट्टी ओढली जाईल, जखमेवर ताण येईल.” पहिल्या परीक्षेचा कागद त्यांच्या हातात होताच. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या देवरे सिस्टरांना खूण केली, आणि सिस्टरांनी स्वतः कात्री आणून दिली. मी दोरा कापला. ट्रे नीट सांभाळला नाही म्हणून थोडे गुण गेले. मी पास झाले.

टोपीच्या समारंभाला आई-बापू दोघं आले. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात केळीच्या पानात काहीतरी गुंडाळलेलं होतं. आम्ही रांगेत पणत्या घेऊन उभ्या राहिलो, शपथ घेतली, डोक्यावर टोपी आली. सगळं झाल्यावर आईने पान उघडलं. मोगऱ्याचा गजरा, तिने एकटीनेच केलेला. मी म्हटलं, “आई, टोपीखाली गजरा चालत नाही. नियम आहे.” तिचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाली, “राहू दे. पेटीत ठिव. वास तर येईल.”

वसतिगृहात परत आल्यावर मी ट्रंक उघडली आणि गजरा ठेवण्याआधी बोटांवरून फिरवला, आपल्या धंद्यातला माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसा. गाठीपाशी दोऱ्याचं टोक होतं. दाताने तोडलेलं टोक मी झोपेतही ओळखते, ते चेपलेलं आणि पिंजारलेलं असतं. हे तसं नव्हतं. गजऱ्याला आमच्या घरात कधी कुणी कात्री लावली नव्हती. माझ्या गजऱ्याचा दोरा आईने खांबावरच्या त्या मोडक्या कात्रीने कापला होता.